उकंडाची लेकरं

कापसाची वेचणी ऐन भरात होती. पऱ्हाटी फुटून वावरं पांढरी झाली होती. बाया मिळेनात म्हणून शेतवाले परगावच्या बाया बैलगाडीत घालून आणत होते. आणि त्याच दिवसांत आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई कांताबाई, सकाळीच धुऱ्यावरून परत आल्या. कमरेची ओटी रिकामी लोंबत होती.

मी अंगणात लेकीला, विशाखाला, पायांवर घेऊन न्हाऊ घालत होते. "काय झालं?" मी विचारलं.

"काई नाई. बाया पुऱ्या झाल्या म्हने."

"अर्धं वावर तर तसंच उभं आहे."

त्यांनी ओटी सोडली, झटकली, घडी करून कोनाड्यात ठेवली. मग म्हणाल्या, "मुकादम म्हने, तुह्या घरून कागद निंगते ना, मंग घरीच बसून कागद वेच. साऱ्या बाया हासल्या. मीबी हासली. काय करू?"

त्यांची बोटं बोंडांच्या नखांनी फाटलेली होती. त्या दिवशी ती बोटं कुठं ठेवावी हे त्यांना समजेना. चूल सारवलेली होती ती पुन्हा सारवली.

कागद म्हणजे 'गावशीव'. माझे यजमान धर्मपाल दर आठवड्याला पांढरकवड्याला भाड्याच्या खोलीत पायानं चालवायच्या यंत्रावर तो छापत. चार पानं. बातम्या ते लिहीत, मुद्रितं मी तपासत असे, घड्या दोघं मिळून घालत असू. मागच्या अंकात त्यांनी छापलं होतं, की आमच्या मांडवझरीच्या नाल्याकाठची ढोरांच्या पाण्याची जागा आणि तिच्याकडे जाणारी पांधणीची वाट गावातले मोठे शेतवाले पंजाबराव यांनी काट्याचं कुंपण घालून आपल्या वावरात ओढून घेतली. खोटं काही नव्हतं. वरच्या बंजारा तांड्याची ढोरं आता टेकडीला वळसा घालून पाण्याला जात होती, आणि आमच्या वस्तीतल्या बाया घागरी घेऊन त्यांच्या मागे.

दुपारी रजिस्टर टपालानं पंजाबरावांच्या वकिलाची नोटीस आली. मी ती उभ्यानंच वाचली. बिनशर्त माफी छापा, नाहीतर अब्रुनुकसानीची फौजदारी. विशाखानं कागदाचा कोपरा तोंडात घातला तो मी ओढून घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी इंटरपर्यंत शिकले होते. फौजदारी म्हणजे काय ते मला वाचता येत होतं, एवढाच शिक्षणाचा त्या दिवशीचा उपयोग.

धर्मपाल सायकल लावून घरात आले, नोटीस वाचली, पाणी प्यायले. "माफी नाही छापत," ते म्हणाले.

"मी कुठं म्हटलं छापा?"

"तुह्या तोंडावर लिहून हाये."

दुसऱ्या दिवशी ते बाबुलाल वकिलांकडे निघाले तेव्हा मीही पोर कडेवर घेऊन एसटीत बसले. घरी बसून वाट पाहणं मला जमलं नसतं.

बाबुलाल वकिलांची बैठक हमरस्त्यावरच होती. हैदराबादकडे जाणारे ट्रक गेले की कपाटाची काच वाजे आणि वकील बोलता बोलता थांबत. त्यांनी अंक वाचला, नोटीस वाचली.

"बातमी सच्ची आहे?"

"सच्ची आहे," धर्मपाल म्हणाले.

"ते मानूस म्हनते. कागद काय म्हनते?" ट्रक गेला. "पाहा भाऊ, अब्रूच्या मामल्यात खरं असनं पुरत नाही. खरं पायजे आन लोकाच्या भल्याचं पायजे. भलं तं दिसूनच राह्यलं, ढोराले पानी. पन खरं मात्र सरकारी शिक्क्याचं लागते. गावचा नकाशा आन जमिनीचा उतारा, दोन्हीच्या नकला काढा."

"ते आम्हाला देतील?" मी विचारलं.

"न द्यायले काय झालं? सरकारी कागद म्हनजे सरकारच्या घरचे दागिने नोहेत, बाई. अर्ज करा, तिकीट लावा, खिडकीत द्या. तुमी द्या, मी देतो, ही पोरगीबी देईन, फक्त सही कराले शिकू द्या तिले."

मी हसले. नोटीस आल्यापासून पहिल्यांदा.

नक्कल मिळेपर्यंतचे दिवस आत्याबाईंना घरी काढायचे होते, पण तसं झालं नाही. तांड्यावरून सुखीबाई उतरून आली. कोपरापर्यंत पांढरे चुडे, आरशांची कांचळी, आणि आवाज असा की पोर दचकून उठावं.

"कांता, चाल वो! माह्या वावरात कापूस लोंबून राह्यला आन तू इथं राणीवानी बसली काय?"

"तुह्या घरच्या सुना नाही काय वेचाले?"

"सुना हायेत. पन त्याइले तुह्यासारख्या शिव्या येत नाही. वेचाले मजा नाही येत."

धर्मपाल आतून आले. "याडी, बस ना. चहा घे."

"बस बस करू नको बेटा. पह्यले हे सांग, त्या पंजाबरावानं तुले फाशी देल्ली का नाही अजून?"

याडी म्हणजे बंजाऱ्यांच्या गोर बोलीत आई. धर्मपाल सुखीबाईला याडी म्हणत आणि स्वतःच्या आईला मावशी. लग्न होऊन आले तेव्हा मी चक्रावले होते. मग शेजारणीनं सांगितलं होतं. आत्याबाईंची तीन लेकरं पाठोपाठ गेली. चौथा झाला तेव्हा त्याला सुपात घालून त्यांनी सुखीबाईच्या ओटीत टाकलं, बदल्यात सूपभर जवारी घेतली, आणि पोर सांभाळायला म्हणून परत घरी आणलं. पोर तिचं. यांचं नाही. नाव ठेवलं फकिरा, म्हणजे ज्याचं कोणी नाही तो. माझे सासरे उकंडा. त्यांनाही त्यांच्या आईनं जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचललं होतं. मरणाला चकवायची ही रीत घरात चालत आलेली. पोर जगलं. शिकलं. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आलं तेव्हा त्यानं धर्मपाल हे नाव घेतलं. आत्याबाईंनीही दीक्षा घेतली, देव नाल्यात सोडले, पण मुलाला "माहा" म्हणायला त्यांची जीभ कधी वळली नाही. विशाखालाही त्या माझं नाव लावून "सत्यशीलाची पोरगी" म्हणत. मी हे सगळं अडाणीपणात काढून टाकलं होतं.

नकला आल्या. नाल्याकाठची जागा ई-क्लास, म्हणजे सरकारी, गावच्या ढोरांसाठी राखलेली. पांधण नकाशावर दोन रेघांनी स्पष्ट. बाबुलाल वकिलांनी शिक्क्यावर बोट टेकवलं. "आता येऊ द्या त्याइले."

ते आले, पण त्या वाटेनं नाही. ज्या खिडकीतून आपण कागद मागतो, तशीच खिडकी त्यांनाही उघडी असते. पंजाबरावांच्या वकिलानं यवतमाळला जाऊन 'गावशीव'च्या डिक्लेरेशनची नक्कल काढली होती. वर्तमानपत्र काढणाऱ्यानं आधी मॅजिस्ट्रेटपुढे लिहून द्यावं लागतं, की मी अमुक, मी छापतो, मी प्रसिद्ध करतो. त्यावर नाव होतं फकिरा उकंडा. मॅट्रिकच्या दाखल्यावर तेच होतं म्हणून कारकुनानं तेच लिहिलं होतं. आणि अंकाच्या तळाशी दर आठवड्याला छापलेलं: मुद्रक व प्रकाशक, धर्मपाल. अब्रूची फिर्याद होतीच; वर खोट्या नावानं पत्र चालवतो अशी दुसरी, आणि दोन्हींचं समन्स.

"काहून असं केलं?" वकिलांनी डोक्याला हात लावला. "एवढे शिकलेले मानसं!"

धर्मपाल म्हणाले, "म्हटलं, सरकारी कागदात पडू दे जुनं. पन माह्या हातानं, माह्या यंत्रावर, मी ते खिळे कायले जुळवू? नाव बदललं ते उगीच बदललं काय?"

"कबूल. पन कायद्यात हे लबाडी दिसते. सजा हाये याले, सहा महिन्यांची. आन पत्र तं बंदच."

मी विशाखाला एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं. सहा महिन्यांत तिला पाय फुटतील, ती चालू लागेल, असं काहीतरी माझ्या मनात आलं.

"इलाज?" मी विचारलं.

"दोन्ही नावाचा मानूस एकच हाये, लपवाछपवी नाही, हे शाबीत करा आन नवं डिक्लेरेशन द्या. साहेब समजदार आहेत. पन सांगन कोन?"

गावातलं कोणी पंजाबरावांविरुद्ध उभं राहिलं नसतं. सुखीबाई राहिली असती, पण नाल्याच्या भांडणात तांड्याचंच हित, तिची साक्ष कोण धरणार? मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जाऊन चार वर्षं झाली होती. जन्माच्या नोंदीत नाव नसतं. बापाचं नाव आणि मुलगा की मुलगी एवढंच. "आई हाये ना?" वकील म्हणाले. "जन्माची नक्कल काढू, आन आईनं शपथेवर सांगावं का हा माह्या पोटचा, यालेच फकिरा म्हनत आन यालेच धर्मपाल म्हनते. खतम."

त्यांना ते सोपं वाटलं.

घरी येऊन मी आत्याबाईंना सांगितलं. त्या सरकीची ढेप कुटत होत्या. मुसळ थांबलं नाही.

"मावशी म्हनते तो मले. मावशी म्हून सांगीन."

"मावशी चालत नाही. आईच पाहिजे."

"मंग सुखीले ने. तिले देल्ला मी."

सुखीबाईला बोलावलं. ती पोट धरून हसली. "आता त्याले ठेवून मी काय करू वो? एवढा मिशावाला घोडा! ने तुहा तुले. सूपभर जवारीबी नोको वापस."

"हासू नको," आत्याबाई म्हणाल्या. "तुह्या हासण्यानं होत नाही." मग मुसळ ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "तीन डाव मी माहं म्हनलं. मोठी झाली, म्हनलं माही. दुसरा झाला, म्हनलं माहा. तिसऱ्याले तं अंगावरून खालीच ठेवलं नाही. चौथ्या डावी काई म्हनलं नाही, तं हा राह्यला. आता साहेबापुढं म्हनू?"

"आत्याबाई, तुम्ही दीक्षा घेतलीय. असं काही नसतं. आजार होते ते, औषधं नव्हती."

"नसते?"

"नसतं."

"मंग ठेव हात तुह्या पोरीच्या डोक्यावर. आन म्हन, हे खोटं असन तं इच्यावर येऊ दे."

विशाखा चटईवर पालथी पडून मुंगीकडे पाहत होती. तिच्या टाळूवरचं जावळ घामानं चिकटलं होतं. मी हात पुढे केला. तो अर्ध्यावर थांबला. मी माझ्या हाताकडे पाहिलं, जणू दुसऱ्याचा होता. सुखीबाई हसायची थांबली.

"ठेवू नको," आत्याबाई म्हणाल्या. "म्या तं सांगासाठी म्हनलं. नोको ठेवू, माय." आणि पुन्हा मुसळ उचललं.

त्यानंतर मी त्यांना एका शब्दानं विचारलं नाही. धर्मपालही नाही. ते यंत्राला तेल देऊन, फडकं झाकून आले आणि देवसिंगच्या, म्हणजे सुखीबाईच्या नवऱ्याच्या, गाडीवर कापूस भरायला जाऊ लागले. संध्याकाळी त्यांच्या केसांत, मिशीत कापसाचे तंतू असत. आत्याबाई त्यांच्या ताटात भाकर वाढत आणि ते जेवेस्तोवर उंबऱ्यात बसून राहत, पाठ करून.

तारखेच्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा त्या लुगडं बदलून दारात उभ्या होत्या. "येतो मी," एवढंच म्हणाल्या. "बोलन का नाही ते मले माहीत नाही. पन येतो."

कचेरीच्या आवारात लिंबाखाली गर्दी होती. बाबुलाल वकील नक्कल घेऊन आले. "नोंदीत नावं नाही म्हनून मी उकंडाच्या नावावरच्या साऱ्याच मागवल्या," ते म्हणाले. "यातली याची कोन्ती ते आईनं सांगावं." कागद माझ्या हातात देऊन ते आत गेले.

मी वाचून कागद घडी करत होते. आत्याबाईंनी माझं मनगट धरलं.

"काय लिवलं हाये?"

"जन्माच्या नोंदी आहेत. मामाजींच्या नावावरच्या."

"म्हनजे याची?"

मला खोटं सांगता आलं असतं. "सगळ्यांच्या," मी म्हणाले. "जन्माच्या आणि... दोन्ही."

त्या लिंबाच्या बुंध्याशी खाली बसल्या. मीही बसले. विशाखाला धर्मपालांनी घेतलं आणि ते थोडे दूर जाऊन उभे राहिले.

"त्याइले कोनं लिवलं? ते तं लहान लहान होते. नावंबी नोयते."

"ठाण्यावर लिहितात. कोतवाल जाऊन वर्दी देतो, गावात कोण जन्मलं, कोण गेलं."

"कोतवाल तं हेच होते," आत्याबाई म्हणाल्या. आणि थांबल्या. लिंबाची पानं त्यांच्या डोक्यावर पडत होती. "मोठी गेली तवा मले म्हने, लाकडं पाहून येतो. दिवस कलला तरी पत्ता नाही. म्या म्हनलं, काय मानूस हाये! लेकरू घरात झाकून आन हा गावाले हिंडून राह्यला. दुसऱ्याच्या डावीबी तसाच गेला. तिसऱ्याच्याबी. त्याइले म्या कधी माफ नाही केलं त्याच्यासाठी. मरेपर्यंत नाही केलं."

ठाणं डोंगरापलीकडे, चालत गेलं तर जाऊन येऊन दिवस मोडतो, हे त्यांना माझ्याहून चांगलं माहीत होतं.

"वाच."

मी वाचलं. उकंडा, कोतवाल, मांडवझरी. मुलगी. जन्म. मृत्यू. कारण, ज्वर. त्या ऐकत होत्या, ओठ हलत होते. दुसरा. तिसरा. प्रत्येक ओळीनंतर त्या मान हलवत, जणू कोणी हजेरी घेतंय. शेवटच्या ओळीत मुलगा होता आणि पुढचा रकाना कोरा.

"हा म्हनजे हाच," त्यांनी धर्मपालांकडे बोट केलं.

"हो."

पुकारा झाला.

मॅजिस्ट्रेटसाहेब वयस्कर, सर्दी झालेले होते. पंजाबरावांचे वकील उठून काही बोलले, बाबुलाल वकील बोलले, कागद इकडून तिकडे गेले. आत्याबाईंना पुढे उभं केलं. कारकुनानं शपथ सांगितली ती त्यांनी तुकड्या-तुकड्यानं म्हटली.

"हे समोर उभे आहेत ते तुमचे कोण?" साहेबांनी विचारलं.

त्यांनी मान हलवली.

"तोंडानं सांगा, बाई."

आत्याबाईंनी धर्मपालांकडे पाहिलं. धर्मपाल खाली पाहत होते. माझ्या कुशीत विशाखा माझी माळ चावत होती आणि मी तिचा पाय इतका घट्ट धरला होता की ती कण्हली. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवली.

"पोटचा," आत्याबाई म्हणाल्या. मग श्वास घेऊन, "चार झाले मले. तीन गेले. हा चौथा. याले फकिरा म्या म्हनलं. धर्मपाल त्यानं सोताले म्हनलं. दोन्ही हाच हाये."

"लपवायचा काही इरादा?"

"लपवलं ते म्या लपवलं, साहेब. त्यानं नाही."

साहेबांनी रुमालानं नाक पुसलं आणि लिहायला घेतलं. लबाडीचा हेतू दिसत नाही; नवं डिक्लेरेशन द्यावं, तोपर्यंत अंक काढू नये; ताकीद देऊन नावाची फिर्याद निकाली. अब्रूच्या मामल्याचं काय, असं बाबुलाल वकिलांनी नकाशाची नक्कल वर धरून विचारलं, तेव्हा समोरच्या वकिलांनी पुढली तारीख मागितली.

प्रतिज्ञापत्रावर 'फकिरा ऊर्फ धर्मपाल' असं होतं. त्या 'ऊर्फ'वर धर्मपालांचा टाक क्षणभर अडला, मग सही झाली. आत्याबाईंचा अंगठा उठला. बाहेर आल्यावर त्या शाईचा अंगठा अंगापासून दूर धरून चालत होत्या.

"मावशी, चहा घेतं काय?" धर्मपाल म्हणाले. सवयीनंच म्हणाले. नंतर त्यांच्या लक्षात आलं, आणि ते तसेच उभे राहिले.

"घेतो," आत्याबाई म्हणाल्या. "पन थांब."

त्या नकलांच्या खिडकीकडे गेल्या. मी मागोमाग. खिडकीतला कारकून डबा उघडत होता.

"ते मोठीच्या पुढं ज्वर लिवलं ना, ते खोडा," त्या म्हणाल्या. "ज्वर नोयता. पोट फुगलं होतं तिचं. दूध पेत नोयती."

कारकुनानं माझ्याकडे पाहिलं. मी नक्कल दाखवली. "बाई, हे असं खोडता येत नाही," तो चांगुलपणानं म्हणाला. "अर्ज द्यावा लागते. आन एवढ्या वर्सांनी मंजूर नाही व्हायचा."

"नको होऊ दे. अर्ज तं घ्या."

बाबुलाल वकील मागे येऊन उभे होते. त्यांनी खिशातून कोरा कागद काढून माझ्या हातात दिला. मी पायरीवर बसले, विशाखाला धर्मपालांकडे दिलं आणि कागद गुडघ्यावर धरला. अर्जदार, कांताबाई उकंडा. मौजा मांडवझरी. विषय लिहिला. मजकूर सुरू केला आणि थांबले.

"आत्याबाई, मुलीचं नाव?"

"ठेवलं नोयतं. पाळण्याच्या आंधीच गेली."

"मग नावाच्या जागी काय लिहू?"

त्या माझ्या शेजारी पायरीवर टेकल्या. अंगठा अजून तसाच दूर धरलेला होता.

"माही लिव," त्या म्हणाल्या.